आखूड दांड्याचा खुबा

वाशी, जि. धाराशिव
९ फेब्रुवारी २०२५

आक्का,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र फाडू नकोस. आधी वाच, मग चुलीत घाल.

तू माझा नंबर बंद करून ठेवलायस ते कळलं. दाजींना लावला तर ते म्हणतात, ‘हॅलो, हॅलो, आवाज येत न्हाय.’ मी विचारतो, ‘दाजी, सृष्टीचा ताप उतरला का?’ ते म्हणतात, ‘उतरला कालच. हॅलो, आवाज येत न्हाय.’ आणि ठेवून देतात. एवढ्या भल्या माणसाला खोटं बोलायला लावतेस, तुला पाप लागेल. म्हणून हे पत्र.

दिवाळीत झालं ते मला उगाळायचं नाही, पण थोडं उगाळावंच लागेल. माझ्या पायाचा एमआरआय करून मी सोलापूरहून आलो होतो. तिथं डॉक्टरांनी ‘दम्याला काय घेता’ म्हणून विचारलं, मी पुडी दाखवली, त्यांनी कपाळाला हात लावला. असल्या पुडीत स्टिरॉइड असतं, फार दिवस घेतलं की खुब्याचं हाड मरतं, असं ते म्हणाले. मी बावळटासारखं जेवताना ते सगळ्यांपुढं सांगितलं. आणि आई भरल्या ताटावर, दाजींच्या देखत, तुला म्हणाली, ‘सख्ख्या भावाचं हाड खाल्लंस गं तू.’ तू ताटावरून उठलीस, सृष्टीला कडेवर घेतलंस आणि गेलीस. तुझ्या वाटणीची करंजी त्या ताटात तशीच राहिली. ती कुणी खाल्ली नाही, गाईला घातली.

पुडी तू पाठवायचीस हे खरं. तुमच्या मुरुमच्या पलीकडं, कर्नाटकच्या हद्दीवरच्या त्या बंडप्पा वैदूच्या दारात उन्हात उभी राहून आणायचीस हेही खरं. पण का आणायचीस? भट्टीच्या धुरानं माझी छाती भरायची आणि मी भिंतीला टेकून तोंड उघडं टाकून बसायचो, ते तुला बघवायचं नाही म्हणून. अण्णा गेल्यावर खव्याची भट्टी माझ्या गळ्यात पडली, धुरासकट. त्या धुरात मी आजवर टिकलो तो तुझ्या पुडीवर. तिच्यात काय होतं ते बंडप्पानं सांगितलं नाही, तुला स्वप्न पडलं नव्हतं. माझ्या मनात तुझ्याविषयी काडीचंही काही नाही, हे तुला कळावं म्हणून एवढा कागद खर्च करतोय.

आता पायाचं. उजव्या जांघेत कळ उठते आणि गुडघ्यापर्यंत उतरते. भट्टीपुढं उकिडवं बसता येत नाही. परवा कढईजवळ जरा तोल गेला, फार काही झालं नाही. मार्चात सोलापूरला ऑपरेशन आहे, खुब्याचा सांधा काढून नवा बसवणार. माझ्या वयाला गावात लोक बाइक बदलतात, मी खुबा बदलतोय. छातीच्या डॉक्टरांनी पुडी हळूहळू सोडवली आणि तोंडात ओढायचा पंप दिलाय, त्यामुळे दम्याची काळजी करू नकोस.

भीती वाटते, आक्का. चेष्टा करतोय ती त्यापायीच. ऑपरेशनला ये. आईशी बोलू नकोस हवं तर, माझ्याशी बोल. मी लिहितोय हे तिला माहीत नाही.

तुझा,
श्रीनाथ

*

सोलापूर
११ मार्च २०२५

आक्का,

उद्या ऑपरेशन. तू आली नाहीस. ठीक आहे. ठीक नाहीये, पण लिहायला बरं दिसतं.

इथल्या मोठ्या डॉक्टरीण शामला मॅडम. आवाज शाळेतल्या बाईंसारखा. त्यांनी नाव घेतलं की उठून उभं राहावंसं वाटतं आणि माझी तीच तर अडचण. त्यांनी हाडाचा प्लास्टिकचा सापळा हातात घेऊन आईला आणि मला नीट समजावलं. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा असतो, तो कमरेच्या वाटीत फिरतो. माझ्या गोळ्याला रक्त पोचत नाही, म्हणून तो आतून मेला आणि आता चेपायला लागलाय. तो काढून धातूचा दांडा मांडीच्या हाडात बसवायचा आणि त्याच्यावर नवा गोळा. नेहमीचा दांडा हाडात पार खोल उतरतो. मला मात्र मॅडम आखूड दांडा बसवायचा म्हणतात.

मी विचारलं, ‘आखूड का? मी बुटका म्हणून?’

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘तुम्ही तरुण आहात म्हणून. हा सांधा जन्मभर पुरेल अशी खात्री मी देणार नाही. पुढं कधी बदलायची वेळ आली तर खाली चांगलं हाड शिल्लक पाहिजे. आज जेवढं राखता येईल तेवढं राखायचं.’

आई एवढा वेळ पदर तोंडाला लावून ऐकत होती. ती म्हणाली, ‘म्हंजी भिताडाला खुट्टी ठोकावी तसं. लई खोल ठोकली की काढताना भिताड बी येतं संगं.’ तेव्हा मॅडम हसल्या. म्हणाल्या, अगदी तसंच. पण एक अट आहे. वरचं हाड मजबूत निघालं तरच आखूड बसेल; ते उद्या आत उघडल्यावर कळणार. नाही तर लांबच दांडा.

आता जे लिहितोय ते बसून वाच.

दुपारी भूल देणारे डॉक्टर आले. पुडी किती वर्षं घेतली, दिवसाला किती, असं विचारायला लागले. मी म्हणालो, सकाळी एक. ते लिहून घेत होते तेवढ्यात आई म्हणाली, ‘दोन.’

मी म्हणालो, ‘आई, एकच. मला ठाऊक नाही का?’

ती म्हणाली, ‘तुला कुठलं ठावं आसणार? सांजची म्या दुधात घालायचे.’

डॉक्टरांनी पेन खाली ठेवून हळू आवाजात विचारलं, ‘का, आई? दमा तर आटोक्यात होता ना?’

‘व्हता. पन ती घेतल्यापासनं त्याची भूक वाढली. गाल भरले. समदी म्हनायची, कमलबाई, पोरगं कसं अंग धरतंय. म्या म्हनलं, आजून जरा भरू दे. मंग पोरी सांगून येतील. खंगल्याल्या पोराला कोन देतं पोरगी?’

आक्का, तू दर खेपेला विचारायचीस ना, पुड्या इतक्या लवकर कशा संपतात म्हणून? आणि आई म्हणायची, दमट हवेनं भिजल्या, टाकून दिल्या? त्या भिजल्या त्या माझ्या दुधात. माझे ते गोल गाल बघून तूच म्हणाली होतीस, ‘दाद्या, टमाटा झालायस नुसता.’ ती तब्येत नव्हती, सूज होती. आपल्याकडं गाल भरले की माणूस बरा झाला, एवढंच सगळ्यांना कळतं. मला पण आरशात बरं वाटायचं, खोटं का बोलू.

डॉक्टरांनी आईला रागावलं नाही. म्हणाले, ‘सांगितलंत ते फार बरं केलंत. असलं औषध एवढं घेतलेल्या माणसाच्या शरीराला ऑपरेशनचा ताण झेपत नाही. मला माहीत नसतं तर उद्या टेबलावर जिवावर बेतू शकलं असतं.’ आता ते उद्या सलाईनमधून तेच औषध मोजून देणार आहेत. बघ, ज्याच्या नावानं घरात शिमगा झाला तेच मला सांभाळायला येणार.

ते गेल्यावर आई खिडकीकडं तोंड करून उभी राहिली. मला राग आला होता. खूप. बोलणार होतो, पण तिचे खांदे हलताना दिसले आणि माझ्यानं बोलवलं नाही. दिवाळीत ती तुला बोलली तेव्हाही तिला हे ठाऊक होतं. म्हणूनच एवढ्या जोरानं बोलली. आपल्या अंगावरची पाल झटकताना माणूस ती दुसऱ्याच्या अंगावर जाईल हे बघत नाही.

तिनं मला ‘निकीला सांगू नगं’ असं म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तरी मी लिहिलंच असतं. उद्या माझं काय व्हायचं ते होवो, हे तुझ्यापाशी पोचलं पाहिजे.

श्रीनाथ

*

सोलापूर
१६ मार्च २०२५

आक्का,

आखूडच बसला!

मॅडम म्हणाल्या, वरचं हाड चांगलं घट्ट निघालं, अगदी हवा तसा दांडा बसला. मी शुद्धीत होतो, कमरेखालीच भूल होती. पडद्यापलीकडं सुताराच्या दुकानात चालते तशी ठोकाठोक ऐकू येत होती आणि ती माझ्याच अंगावर चाललीय हे पटत नव्हतं. भूल देणारे डॉक्टर डोक्याशी बसून मला खवा कसा आटवतात ते विचारत होते. मी इतकं सविस्तर सांगितलं की शेवटी तेच म्हणाले, आता झोपा.

दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं. मी उजवा पाय टेकवताना डोळे मिटून घेतले. कळ येणार म्हणून दात आवळून ठेवले. आणि आली नाही. टाके दुखत होते, मांडी जड होती, पण ती जांघेतली जुनी कळ, जिच्यासंगं मी उठायचो आणि निजायचो, ती नव्हतीच. मी रडलो. नर्सबाईंना वाटलं दुखतंय, त्या इंजेक्शन आणायला धावल्या.

आणि काल दाजी आले. म्हणाले, ‘सोलापूरला जरा काम हुतं, म्हनलं डोकावून जावं.’ काय काम, विचारलं. त्यांना सुचेना. शेवटी म्हणाले, ‘चप्पल घ्यायची हुती.’ मुरुमच्या बाजारपेठेत चप्पल मिळत नाही हे मला नवीनच कळलं. जाताना एक पिशवी पलंगाखाली सरकवून गेले. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. कुणी पाठवली ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण एवढा लसूण घालून चटणी कुटणारी बाई धाराशिव जिल्ह्यात एकच आहे.

आईनंही खाल्ली. ‘लसून जास्ती झालाय,’ म्हणाली, आणि मग उरलेली चटणी कागदात बांधून आपल्या पिशवीत ठेवली.

तुझा लंगडा नसलेला भाऊ,
श्रीनाथ

*

वाशी
२ जून २०२५

आक्का,

बरेच दिवस लिहिलं नाही. तुझंही काही आलं नाही, पण दाजींकडून सृष्टीचा माझ्यासाठी काढलेला फोटो आला, वॉकरची नक्कल करत स्टूल ढकलत चालतानाचा. तो मी भिंतीला लावलाय.

वॉकर सुटला, काठीही सुटल्यात जमा आहे. शेताच्या बांधापर्यंत जाऊन येतो. पण मॅडमनी बजावून सांगितलंय: उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, बुटक्या पाटावर बसायचं नाही. घरात खुर्चीचा संडास करून घेतला. पंगतीला गेलो तर मी एकटा खुर्चीवर, समोर टेबल, सगळे खाली. नवरदेवाच्या मामाला वाटलं कुणी आमदार आलाय.

हे सगळं चाललं असतं. भट्टीचं काय करायचं हा प्रश्न होता. अण्णांनी बांधलेली भट्टी जमिनीत बसवलेली, तुला माहीतच आहे. कढईपुढं उकिडवं बसून उलथनं फिरवल्याशिवाय खवा होत नाही, असं आपल्याकडं सगळेच समजतात. मी म्हणालो, भट्टी फोडू आणि कमरेएवढी उंच बांधू, उभ्यानं आटवीन. आई ताडकन म्हणाली, ‘तुज्या बापानं मुहूर्त बघून घातलीय ती. तिला हात लावायचा न्हाय.’ मग मी भट्टी बंद करून टाकायच्या गोष्टी बोलायला लागलो. वैतागलो होतो. पाय बरा झाला आणि कामच गेलं, असली कसली तऱ्हा?

तोल गेला होता त्याचं मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं होतं, फार काही झालं नाही म्हणून. झालं होतं. डावा हात कोपरापर्यंत भाजला होता. त्या दिवशी आईनं मला कढईपासून ओढलं नसतं तर अख्खा आत गेलो असतो. पण तेव्हा तुला घाबरवायचं नव्हतं.

मागच्या आठवड्यात मी तपासणीला सोलापूरला गेलो. परत आलो तर अंगणात धुरळा. आई पहार घेऊन भट्टी फोडत होती, एकटी. कपाळावर माती, पदर कमरेला खोचलेला. मी म्हणालो, ‘आगं, मुहूर्त?’

ती म्हणाली, ‘मुहूर्ताची भट्टी ऱ्हाऊ दी आन् लेकरू भाजू दी का? तुजा बाप आस्ता तर त्यानंच फोडली आस्ती. वीट आन.’

नवी भट्टी माझ्या कमरेला लागते आणि धुराला वर पत्र्याचं नळकांडं लावलंय, धूर सरळ छपरावर जातो. छाती पण खूश. पहिला घाणा मात्र आईनंच लावला, आणि उभ्यानं हात वळेना म्हणून तळाला करपवला. आयुष्यात पहिल्यांदा तिचा खवा करपला. कुत्र्यानंसुद्धा हुंगून सोडला. ती कढईकडं बघत बसली आणि म्हणाली, ‘शिकाया लागंल.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी.

तुझं नाव तिनं घेतलं नाही. पण तुझ्या चटणीचा तो कागद अजून फडताळात आहे, रिकामा.

श्रीनाथ

*

वाशी
२३ जुलै २०२५

आक्का,

काल दाजींचा फोन आला. पहिलंच वाक्य, ‘आवाज येतोय का?’ मी म्हणालो, ‘दाजी, दिवाळीपासनं पहिल्यांदा.’

मी त्यांना सांगितलं, पंचीम जवळ आली, यंदा मुराळी म्हणून मी येतो, निकीला आणि सृष्टीला माहेरी घेऊन जातो. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून तुला न्यायला मीच यायचो. गेल्या पंचमीला पायानं घात केला आणि मी आलो नाही. नाही तर ती माझी आवडती फेरी. येडशीला गाडी बदलायची, तुळजापूरच्या स्टँडवर भजी खायची. यंदा तो पाय मला कुठंही नेईल.

दाजी म्हणाले, ‘श्रीनाथराव, तुमची पत्रं तिनं समदी वाचलीत. दोन-दोनदा. तुमच्यावर राग न्हाय तिचा. पन ती म्हनती, ज्या तोंडानं बोलली त्या तोंडानं बोलावलं, तर येती.’

तू बरोबर बोललीस. मला वाईट वाटलं, पण तू बरोबर बोललीस. मी कितीही पत्रं लिहिली तरी तो शब्द माझा नव्हता, मला तो परत घेता येत नाही.

फोन ठेवला तेव्हा आई कढईपुढं उभी होती. तिनं ऐकलं होतं. मी म्हणालो, ‘आई, लावून देऊ का फोन? दोन शब्द बोल.’

ती म्हणाली, ‘फोनवर न्हाय.’

मला वाटलं, झालं. संपलं. मग तिनं जाळ कमी केला, हात पुसले आणि म्हणाली, ‘ताटावर बोलले हुते, चार मान्सांत. फोनवर पुसायचं व्हय? तिच्या दारात जाऊन बोलीन. आवंदा मुराळी म्या जाते.’

शेजारच्या लक्ष्मीबाई तेव्हा दूध घालायला आल्या होत्या. त्या खो खो हसल्या. ‘कमल, आगं कुठं आई मुराळी जाती का? मिशा तरी लाव!’ आपल्याकडं लेकीला न्यायला भाऊ जातो, चुलता जातो, नाही तर गडी जातो. आई कधी जात नाही, आई उंबऱ्यात भाकरतुकडा घेऊन वाट बघते. आई लक्ष्मीबाईंना म्हणाली, ‘ज्यानं घालवली त्यानंच आनायची. मिशा न्हाईत त्याला म्या काय करू?’

लक्ष्मीबाईंचं हसू थांबलं. मग आईनं मला एवढंच विचारलं, ‘दुधाचं लिवलंयस तिला?’ मी म्हणालो, मार्चातच. ती म्हणाली, ‘बरं झालं. तरी म्या सांगंन. पुन्यांदा सांगंन.’

तेव्हा रविवारी आम्ही दोघं येतोय. मुराळी ती, मी नुसता सोबतीला, कारण तिला एसटीत उलटी होते आणि तुळजापूरच्या पुढं तिला कुठली गाडी कुठं जाते ते कळत नाही. शामला मॅडमना विचारलं, प्रवासाला हरकत नाही म्हणाल्या, मधे मधे उतरून पाय मोकळे करायचे. आजचा खवा तिनं सकाळी स्वतः उभ्यानं आटवलाय. करपलेला नाही, मी चाखलाय. रविवारी निघायच्या आधी असाच ताजा काढून आणणार, सृष्टीला पेढे करून द्यायचे आहेत म्हणते.

मी तिला वाटेत काही शिकवणार नाही. काय बोलायचं ते तिचं ती ठरवेल. मॅडम म्हणाल्या होत्या ना, आज राखता येईल तेवढं राखायचं, म्हणजे पुढं जागा राहते. ते माझ्या मांडीपुरतंच बोलल्या होत्या, पण मला तेव्हा तू आठवली होतीस. दिवाळीपासून तू इतकी रागात असून चटणी पाठवलीस, माझी पत्रं चुलीत घातली नाहीस. तूही राखलंयस, आक्का. मला फार बरं वाटतं त्याचं.

एक काम कर. माझ्यासाठी उंच खुर्ची काढून ठेव. बैठकीवर मला बसता यायचं नाही, दाजींना सांग. आईसाठी मात्र काही मांडू नकोस. ती म्हणाली, मी उंबऱ्याबाहेर उभी राहीन, आणि निकी ‘बस’ म्हणेल तेव्हाच बसेन.

तुझा,
श्रीनाथ